ताऱ्यांची रोजनिशी

ह्या वर्षीं गणिताबाहेरचें कांहीं तरी लिहा, असा संपादकांनीं आग्रह धरिला, तेव्हां माझ्या मनांत आली ती गणिताला अगदीं लागूनच असलेली एक गोष्ट. वर्गांत मुलें नेहमीं विचारतात कीं, प्राचीन लोकांना दुर्बिणीवांचून ताऱ्यांचें इतकें ज्ञान झालें तरी कसें? ह्या प्रश्नांतील आश्चर्याचा सारा रोख डोळ्यांवर असतो. जणूं काय त्या काळच्या लोकांना निराळेच डोळे लाभले होते! त्यांची दृष्टि आपल्याहून तीक्ष्ण नव्हती. त्यांचें आकाश मात्र आपल्या आकाशाहून पुष्कळच काळें होतें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तेवढ्यानें ज्योतिषशास्त्र उभें राहत नाहीं. रानांत रात्र काढणाऱ्या गुराख्यालाही तेंच आकाश दिसत होतें. ज्यांनीं ताऱ्यांचें शास्त्र रचिलें त्यांच्यापाशीं आणखी एक वस्तु होती, ती म्हणजे वही. ती मातीची होती, एवढेंच.

बाबिलोन नगर युफ्रेटिस नदीच्या कांठीं, हल्लींच्या इराक देशांत होतें. तेथील लेखक ओल्या मातीची पट्टी तळहातावर घेत आणि बोरूच्या टोंकानें तीवर पाचरीसारख्या खुणा दाबून लिहीत. पट्टी वाळली कीं लेख कायम झाला. कागद कुजतो, भूर्जपत्राचे तुकडे पडतात, ताडपत्रास कसर लागते. माती मात्र आगींत सांपडली तर उलट अधिक पक्की होते. असुरबानीपाल राजाचा ग्रंथसंग्रह निनवे येथें होता. इ. स. पूर्वीं ६१२ मध्यें शत्रूंनीं तें नगर उद्ध्वस्त केलें, संग्रह ढिगाऱ्याखालीं गाडला गेला, आणि गाडला गेला म्हणूनच तो आपल्या हातीं आला. त्यांतील एका पट्टीवर शुक्राच्या उदयास्तांच्या नोंदी आहेत. शुक्र पश्चिमेस कोणत्या महिन्याच्या कोणत्या दिवशीं दिसेनासा झाला, किती दिवस अदृश्य होता, पूर्वेस पुन्हा केव्हां उगवला, अशी ही सुमारें एकवीस वर्षांची हकीकत. पट्टी सातव्या शतकांतील नक्कल असली तरी मूळ नोंदी अम्मिसदुक नांवाच्या राजाच्या कारकीर्दींतील, म्हणजे तिच्याहून सुमारें एक हजार वर्षें जुन्या, असें मानितात. त्या राजाचा नेमका काळ कोणता ह्याविषयीं पंडितांचा वाद आजही चालू आहे. आणि त्या वादांत शेवटीं साक्षीला बोलवावें लागतें तें शुक्रालाच.

ह्या नोंदी शुद्ध ज्ञानाच्या हौसेनें केल्या होत्या असा कोणी समज करून घेऊं नये. प्रत्येक नोंदीपुढें शकुन लिहिलेला असतो: शुक्र अमक्या महिन्यांत दिसला तर पीक उत्तम, तमक्यांत दिसला तर राजांमध्यें वैर. म्हणजे लेखकांची दृष्टि ताऱ्यांवर असली तरी लक्ष धान्याकडे आणि सिंहासनाकडे होतें. मला त्यांत उणें असें कांहीं वाटत नाहीं. शकुन सगळे खोटे ठरले आणि तारखा सगळ्या उपयोगी पडल्या. लिहिणाऱ्याला आपल्या लिखाणाचा कोणता भाग टिकेल हें ठाऊक नसतें, तें बरेंच म्हणावयाचें.

ताऱ्यांची पहिली व्यवस्थित यादी ज्या बाबिलोनी ग्रंथांत सांपडते त्याचें नांव 'मुल आपिन', अर्थात् नांगराचा तारा. ग्रंथ दोनच पट्ट्यांवर मावतो. त्याची सर्वांत जुनी तारीखवार प्रत इ. स. पूर्वीं ६८६ मधील आहे, पण मजकूर त्याहून कित्येक शतकें जुना, इ. स. पूर्वीं १००० च्या आसपासचा असावा. ग्रंथकर्त्यानें आकाशाच्या तीन वाटा कल्पिल्या आहेत: उत्तरेची एन्लिल देवाची, मधली अनु देवाची, दक्षिणेची एआ देवाची. साठांहून अधिक तारे व तारकासमूह त्यानें ह्या तीन वाटांवर वांटून दिले आहेत. मग कोणता तारा कोणत्या दिवशीं पहाटे प्रथम दिसतो, एक उगवतांना समोर कोणता मावळतो, डोक्यावर कोणता येतो, हें सर्व क्रमानें सांगितलें आहे. म्हणजे हा चित्रांचा नकाशा नसून वेळापत्रकाचा नकाशा आहे. रेल्वेच्या वेळापत्रकावरून जसा मुलुख समजतो, तसें ह्या याद्यांवरून आकाश समजतें.

यादीचा आरंभ नांगरापासून व्हावा हें शेतकऱ्याच्या मुलाला सहज पटेल. आमच्याकडे 'मृग लागला' असें म्हणतात त्याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रांत आला. पेरणीची गोष्ट निघाली कीं अजूनही म्हातारे लोक जूनची तारीख सांगत नाहींत, नक्षत्र सांगतात. त्याचें त्या वर्षींचें वाहन बेडूक आहे कीं हत्ती, तेंही सांगतात. चंद्र ज्या तारकासमूहांतून जातो त्यांची एक स्वतंत्र यादी मुल आपिनमध्यें आहे, आणि तिच्यांत पहिला मान कृत्तिकांना दिलेला आहे. आपल्या वैदिक ग्रंथांतील नक्षत्रांच्या याद्याही कृत्तिकांपासूनच सुरू होतात. एवढ्यावरून कोणीं कोणाचें उसनें घेतलें असें ठरविण्याची घाई मी तरी करणार नाहीं. कृत्तिकांचा तो लहानसा घोंस आकाशांत असा उठून दिसतो कीं, मोजणी तेथून सुरू करावी असें दोन ठिकाणच्या माणसांना वेगवेगळें सुचणें अशक्य नाहीं.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येतों. बाबिलोनच्या ज्योतिष्यांनीं एक रोजनिशी ठेविली होती. उपलब्ध असलेल्यांपैकीं सर्वांत जुनी तारीखवार रोजनिशी इ. स. पूर्वीं ६५२ मधील आणि सर्वांत अलीकडची इ. स. पूर्वीं ६१ मधील आहे. दोहोंमध्यें सुमारें सहाशें वर्षें. ह्या काळांत असुरांचें राज्य गेलें, बाबिलोनचें स्वतःचें राज्य गेलें, इराणचे सम्राट आले, शिकंदर आला, त्याच्या मागून ग्रीक राजे आले, पार्थियन आले. आणि मर्दुक देवाच्या देवळाशीं संबंध असलेले हे लेखक रात्रीमागून रात्र लिहीत राहिले. हें काम वंशपरंपरेनें चाले. बाप गेल्यावर त्याचें वेतन व त्याची जागा मुलांना देण्याविषयींचे लेखही सांपडले आहेत. रोजनिशीच्या कडेवर तिचें नांव असतें, त्याचा अर्थ 'नियमित पहारा' असा आहे. ज्या धातूपासून तो शब्द झाला त्याचा अर्थ राखणें, सांभाळणें. आकाश पाहणें आणि आकाश राखणें ह्यांना त्यांच्या भाषेंत एकच शब्द होता.

ह्या रोजनिशींत असतें तरी काय? चंद्र अमक्या रात्रीं अमक्या ताऱ्याच्या किती पुढें किंवा किती खालीं होता. तें अंतर हातांत आणि बोटांत दिलेलें असे. चोवीस बोटें म्हणजे एक हात, आणि आकाशांतील हात म्हणजे आपले सुमारें दोन अंश. चोवीस अंगुळांचा हात आपल्याकडेही होता, हें जुन्या गणिताच्या पुस्तकांतील कोष्टकें पाठ केलेल्यांना आठवेल. क्रांतिवृत्ताच्या आसपासचे तीसएक तारे त्यांनीं मैलाच्या दगडांसारखे नेमून ठेविले होते. चंद्राचें आणि ग्रहांचें अंतर त्यांपासून मोजावयाचें. त्याखेरीज ढग, पाऊस, गडगडाट, वारा कोणीकडून वाहिला, चंद्राला खळें पडलें कीं नाहीं. आकाश झांकलेलें असेल तर 'पाहिलें नाहीं' अशी प्रामाणिक नोंद. महिना संपला कीं बाजारभाव: एका शेकेल रुप्यास सातू किती, खजूर किती, मोहरी, अहाळीव, तीळ आणि लोकर किती. माझी आजी ज्वारीचा भाव सांगतांना 'रुपयास इतक्या पायल्या' असें म्हणे, तीच ही रीत. त्यानंतर नदीचें पाणी किती बोटें चढलें किंवा उतरलें. सर्वांच्या शेवटीं राज्यांत घडलेलें कांहीं ऐकिवांत आलें असल्यास तें.

इ. स. पूर्वीं ३२३ च्या जून महिन्यांत शिकंदर बाबिलोन येथें मरण पावला. त्या महिन्याच्या रोजनिशीचा एक तुकडा ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. ज्यानें अर्धें जग पादाक्रांत केलें त्याच्या मृत्यूविषयीं त्यांत राजा वारल्याचे दोनच शब्द आहेत आणि त्यांना लागूनच आभाळ ढगाळ असल्याची नोंद आहे. अकरा जून ही तारीख आज इतिहासाच्या पुस्तकांत छापतात ती ह्या तुकड्याच्या आधारें.

हा मजकूर मीं प्रथम वाचिला त्या दिवशीं मला माझ्या तीर्थरूपांच्या वह्या आठवल्या. आमचें गांव गोदाकांठीं. वडील शेती करीत, आणि शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेलें, परंतु इ. स. १९५४ पासून १९८९ पर्यंत त्यांनीं रोज रात्रीं कंदिलाजवळ, पुढें विजेच्या दिव्याखालीं, एका वहींत चार ओळी लिहिल्या नाहींत असें सहसा झालें नाहीं. पाऊस, वारा, नक्षत्र, गोदेचें पाणी घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत आलें, ज्वारीचा व सरकीचा भाव, गाय व्याली त्याची तारीख. इ. स. १९६२ च्या फेब्रुवारींत आठ ग्रह मकर राशींत एकत्र आले तेव्हां प्रलय होणार म्हणून देशभर होमहवनें चालली होतीं. त्या दिवसांची त्यांची नोंद अशी: अष्टग्रही, थंडी बरी, कांहीं झालें नाहीं, हरभऱ्याचा भाव कालचाच. इ. स. १९८० च्या फेब्रुवारींतील सूर्यग्रहणाच्या दिवशीं अंगणांतील उजेड पिवळा पडल्याचें त्यांनीं लिहिलें आहे, आणि १९८६ च्या मार्चमध्यें पहाटे उठून दक्षिणेकडे धूमकेतु पाहिला, अंधुक होता, असें आहे. तो हॅलेचा धूमकेतु. इ. स. पूर्वीं १६४ आणि ८७ ह्या सालीं तोच बाबिलोनच्या लेखकांनीं आपल्या रोजनिशींत टिपिला होता, ही गोष्ट १९८५ मध्यें त्या पट्ट्या वाचणाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. वडिलांना तें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

ते वारल्यावर कांहीं वर्षांनीं गांवचें घर विकण्याचें ठरलें. माळ्यावरून वह्या खालीं निघाल्या, त्यांवरची धूळ झाडली गेली, आणि त्यांचें करावयाचें काय असा प्रश्न पडला. थोरले बंधु ओटीवर बसून दोनचार वह्या चाळीत होते. ते मला म्हणाले, "अरे, ह्यांत आहे काय? पाऊस आणि भाव! आपण त्यांच्याजवळ इतकीं वर्षें राहिलों, पण मनांतलें एक अक्षर त्यांनीं येथें लिहिलेलें नाहीं. रद्दीवाल्याला देऊन टाक." दादांच्या बोलण्यांत राग नव्हता; शोधावयास गेलें तें सांपडलें नाहीं असा तो स्वर होता. मीं १९७९ ची वही काढून त्यांच्यापुढें धरिली. आमची आई गेली त्या दिवसाच्या पानावर तीन नोंदी आहेत. पहाटे घरांतून गेल्या. दिवसभर आभाळ. पाऊस नाहीं. वडील आईचें नांव घेत नसत. 'घरांतून' म्हणजे आई. दादांनीं तें पान दोनदां वाचिलें, वही मिटून माझ्या हातीं दिली आणि ते पाणी पिण्याकरितां आंत गेले. छत्तीस वह्या आज माझ्या कपाटांत आहेत.

पुन्हा बाबिलोनकडे वळूं. कारण ह्या रोजनिश्यांचा खरा उपयोग मला त्यानंतरच नीट कळला. ग्रह ठराविक वर्षांनीं आकाशांत जवळजवळ त्याच जागीं, वर्षाच्या त्याच सुमारास परत येतात. शुक्राला आठ वर्षें पुरतात. बुधाला ४६, मंगळाला ४७ किंवा ७९, शनीला ५९, गुरूला ७१ किंवा ८३ वर्षें लागतात. ग्रहणांची मालिका २२३ चांद्रमासांनीं, म्हणजे १८ वर्षें व सुमारें ११ दिवसांनीं, पुन्हा चालू होते. हें ध्यानांत आल्यावर बाबिलोनी लेखकांनीं एक सोपी युक्ति काढिली. पुढील वर्षीं शुक्र काय करील हें पाहिजे असेल तर त्याच्या आठ वर्षें आधींची रोजनिशी काढावी. शनीसाठीं ५९ वर्षें आधींची, गुरूसाठीं ७१ वर्षें आधींची. त्यांतील नोंदी एकत्र उतरून घेतल्या कीं येत्या वर्षाचा अंदाज तयार. अशा संकलनाच्या पट्ट्या पुष्कळ सांपडल्या आहेत. आतां ह्यांतला हिशेब पाहा. शुक्राची नोंद ज्यानें केली त्याच्याच ती कामीं येईल. शनीची नोंद विशीच्या तरुणानें केली तर ऐंशीच्या घरांत पोंचल्यावर कदाचित् त्याला पाहावयास मिळेल. गुरूची नोंद मात्र नातवासाठींच करावयाची. तो लेखक थंडीच्या रात्रीं देवळाच्या गच्चीवर बोटें मोजीत उभा राहिला, तो ज्याचें तोंड आपण पाहणार नाहीं अशा माणसाचें काम करीत होता. आणि त्या माणसाला वाचतां यावें म्हणून तो मनांतलें न लिहितां बोटें लिहीत होता.

गेल्या उन्हाळ्यांत दादांचा मला फोन आला. घर विकलें तरी शेत त्यांच्याकडे आहे. विहिरीचें पाणी झपाट्यानें उतरत होतें आणि ऊस ठेवावा कीं मोडावा ह्या विचारांत ते होते. त्यांनीं विचारिलें, "बहात्तर सालच्या दुष्काळांत आपल्या विहिरीनें तळ कोणत्या महिन्यांत दाखविला, हें बाबांच्या वहींत आहे का रे?" होतें. ओळीनें तीन वर्षांचें पाणी परसांत मोजून लिहिलेलें होतें. मीं तीं पानें उतरून त्यांना पाठविलीं.

बाबिलोनच्या नोंदींचें पीक तर अजूनही निघत आहे. इ. स. पूर्वीं १३६ च्या १५ एप्रिल रोजीं तेथें खग्रास सूर्यग्रहण झालें. भर दिवसां कोणते ग्रह दिसूं लागले हेंही लेखकांनीं टिपून ठेविलें. पृथ्वी तेव्हां आजच्याच वेगानें फिरत असती तर गणितानें त्या ग्रहणाची छाया बाबिलोनवर पडतच नाहीं. ती फार पश्चिमेस, भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोंकाकडे पडते. परंतु ग्रहण बाबिलोनमध्यें दिसलें ह्यांत शंका नाहीं. अर्थात् पृथ्वीचा फेरा तेव्हां आजच्याहून किंचित् जलद होता. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचे रिचर्ड स्टीफन्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशीं बाबिलोनी, चिनी, ग्रीक व अरब ग्रहणें एकत्र करून २०१६ मध्यें हिशेब मांडिला: दर शतकास दिवस सरासरीनें १.७८ मिलिसेकंदांनीं लांबतो. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाची ही गोष्ट सांगितली कोणीं? ज्यांच्याजवळ पाणघड्याळाहून बरें साधन नव्हतें त्यांनीं. चीनच्या दरबारी ज्योतिष्यांचेंही असेंच. इ. स. १०५४ च्या जुलैंत वृषभ राशींत एक 'पाहुणा तारा' आला, तेवीस दिवस तो दिवसाउजेडीं दिसला आणि दीड वर्षाहून अधिक काळानें दिसेनासा झाला, असें त्यांनीं लिहून ठेविलें. पाहुणा जेथें उतरला होता तेथें दुर्बिणींतून आज जो तेजोमेघ दिसतो त्यास खेंकडा तेजोमेघ म्हणतात, आणि एका ताऱ्याच्या स्फोटाची जन्मतारीख आपल्याला ठाऊक आहे ती ह्या नोंदीमुळें.

ह्या पट्ट्या वाचिल्या कोणीं हें सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं, कारण ते माझ्या पेशाचे लोक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बाबिलोनच्या पट्ट्या ढिगांनीं ब्रिटिश म्यूझियममध्यें आल्या. योहान श्ट्रासमायर नांवाचे जेझुइट धर्मगुरु तेथें बसून त्यांच्या हुबेहूब नकला काढीत. अक्षरें वाचतां येत होतीं, पण कित्येक पट्ट्यांवर केवळ अंकांच्या रांगा, त्याही साठाच्या पटींत, आणि मध्यें मध्यें अपरिचित नांवें. त्यांनीं त्या नकला आपल्या संघांतील योसेफ एपिंग ह्या गणिताच्या अध्यापकांकडे पाठविल्या. एपिंग पूर्वीं दक्षिण अमेरिकेंत क्विटो येथें गणित शिकवीत असत. अमुक नांव म्हणजे अमुक ग्रह असें धरून त्यांनीं उलट गणित केलें. जमलें नाहीं तर दुसरें नांव धरिलें. १८८१ मध्यें ह्या दोघांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला आणि बाबिलोनचे लोक चंद्राचें गणित करीत होते हें जगाला कळलें. एपिंग १८९४ मध्यें वारल्यावर त्यांचें काम फ्रान्झ कुगलर ह्यांनीं उचललें. तेही जेझुइट, आणि तेही गणितच शिकवीत. शुक्राच्या पट्टीवर मध्येंच 'सोन्याच्या सिंहासनाचें वर्ष' असें एक नांव येतें. तें अम्मिसदुक राजाच्या आठव्या वर्षाचें नांव होय, हें १९१२ मध्यें कुगलर ह्यांनीं दाखविलें, आणि ती पट्टी कोणाच्या काळची हा प्रश्न सुटला. 'सर, गणित शिकून पुढें करावयाचें काय?' असें विचारणाऱ्या मुलांस मी हल्लीं ही हकीकत सांगतों. त्यांचें समाधान होतेंच असें नाहीं.

ग्रीक लोकांनीं बाबिलोनकडून अंक आणि नोंदी घेतल्या व त्यांना भूमितीची जोड दिली. बिथिनियांतील निकाया गांवचा हिपार्कस इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत ऱ्होड्स बेटावरून वेध घेत असे. चित्रा तारा शरत्संपाताच्या बिंदूपासून किती दूर आहे हें त्यानें चंद्रग्रहणाच्या वेळीं मोजलें. युक्ति सुंदर आहे: ग्रहण लागलेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, सूर्याचें स्थान तारखेवरून काढतां येतें, तेव्हां त्या चंद्रापासून ताऱ्याचें अंतर मोजलें कीं काम झालें. उत्तर आलें ६ अंश. त्याच्यापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें अलेक्झांड्रियांत टिमोकॅरिसनें तेंच अंतर ८ अंश मोजून लिहिलें होतें. दुसरा कोणी असता तर जुन्या माणसाचें मोजमाप चुकलें म्हणून मोकळा झाला असता. हिपार्कसनें टिमोकॅरिसवर विश्वास ठेविला आणि आकाशावर संशय घेतला. अयनचलनाचा शोध लागला तो असा. शतकास निदान एक अंश, असा त्याचा अंदाज होता. खरा वेग ७२ वर्षांत एक अंश आहे.

त्याची ताऱ्यांची यादी मात्र हरवली. टॉलेमीच्या ग्रंथांत सुमारें १०२२ ताऱ्यांची यादी आहे, आणि तींत हिपार्कसचें किती व टॉलेमीचें किती ह्यावर विद्वान् शतकानुशतकें भांडत आले. मग एक नवलाची गोष्ट घडली. सिनाइ पर्वताच्या पायथ्याशीं संत कॅथरिनचा मठ आहे. तेथें पूर्वीं कोणी जुन्या चर्मपत्रांवरील ग्रीक अक्षरें खरवडून काढून त्यांवर सिरियाक भाषेंत दुसरें धर्मपर पुस्तक उतरून घेतलें. चर्मपत्र महाग, म्हणून अशी काटकसर करीत. २०१२ मध्यें केंब्रिज येथील एक विद्यार्थी सुटींतला अभ्यास म्हणून ह्या पानांचीं छायाचित्रें पाहत होता. खालच्या पुसट अक्षरांत त्याला ज्योतिषाचा मजकूर दिसला. पुढें निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत पानांचीं चित्रें घेतलीं, तेव्हां उत्तर मुकुट नांवाच्या तारकासमूहाचे अंक वाचतां आले. त्यांवरून गणित केलें तर काळ निघतो तो हिपार्कसचाच. आणि चूक एका अंशाच्या आंत. २०२२ मध्यें ही गोष्ट प्रसिद्ध झाली. ज्यानें खरवडलें त्यानें फार जोरानें खरवडलें नाहीं, ह्याबद्दल त्याचे आभार मानावे कीं पुसलें म्हणून त्यास बोल लावावा, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आपल्याकडील ताऱ्यांच्या नोंदी निराळ्या जातीच्या आहेत. दिवसवार वेधांची बाबिलोनसारखी रोजनिशी आपल्या हातीं आलेली नाहीं. सूर्यसिद्धांतासारख्या ग्रंथांत नक्षत्रांच्या योगताऱ्यांचे ध्रुवक आणि शर दिलेले आहेत, अगस्त्य व व्याध ह्यांचे दिलेले आहेत. पण वेध कोणीं, कोठून, कोणत्या रात्रीं घेतले तें दिलेलें नाहीं. उत्तर राखलें आणि रीत टाकून दिली, असें माझ्यासारख्या परीक्षकाला म्हणावें लागतें. तथापि शतपथ ब्राह्मणांत एक लहानसें वाक्य आहे. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, असा त्याचा भाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, हेही शिक्षकच, त्यांनीं ह्या वाक्यावर बोट ठेविलें. कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत असतील तर त्या विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. अयनचलनाचें गणित केलें तर तो काळ इ. स. पूर्वीं ३००० च्या सुमाराचा येतो. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्यें मराठींत निघाला. त्या वाक्याचा इतका काटेकोर अर्थ करूं नये असें म्हणणारे पंडितही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु कोणी एकानें आपल्या अंगणांतून पाहिलेली दिशा लिहून ठेविली म्हणून हा वाद तरी करतां येतो.

गेल्या नोव्हेंबरांत नववीच्या मुलांना घेऊन मी शाळेच्या गच्चीवर गेलों होतों. होकायंत्रानें पूर्व दिशा ठरवून कठड्यावर खडूची रेघ ओढली. रस्त्यावरच्या दिव्यांमुळें क्षितिजाजवळ कांहीं दिसेना; कृत्तिका वीतभर वर आल्या तेव्हां दिसल्या, रेघेच्या पुष्कळच डाव्या बाजूस. आपल्या अक्षांशावर आज त्यांचा उदय पूर्वेच्या उत्तरेस पंचवीस-सव्वीस अंशांवर होतो. एका मुलानें विचारिलें, "सर, मग त्या ग्रंथवाल्यानें खोटें लिहिलें का?" त्याला उत्तर देण्याऐवजीं मीं त्याच्या हातीं वही दिली. तारीख, वेळ, रेघेपासून किती बोटें, आकाश स्वच्छ कीं धुरकट, एवढें लिही म्हणून सांगितलें. तेव्हांपासून ती वही चालू आहे. ढग असले म्हणजे मुलें तसें लिहितात.

टिमोकॅरिसच्या चित्रेचें काय झालें हें सांगावयाचें राहिलेंच. त्याच्या वेळीं ती शरत्संपाताच्या ८ अंश अलीकडे होती, हिपार्कसच्या वेळीं ६ अंश. आज ती त्या बिंदूच्या पलीकडे सुमारें २४ अंशांवर आहे. आपल्या मृगाची तारीखही ह्याच चालीनें ७२ वर्षांत सुमारें एक दिवस पुढें सरकते. सध्यां ती ७ किंवा ८ जूनला येते. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसमितीनें १९५५ मध्यें जो अहवाल दिला त्यांत राशिचक्राची खूण म्हणून ह्याच चित्रेला मान दिला. टिळक पंचांगाचे अनुयायी रेवतींतील एका ताऱ्यापासून मोजतात. दोहोंत सुमारें चार अंशांचा फरक आहे, आणि त्यापायीं एखाद्या वर्षीं अधिक महिनाही निराळा पडतो. ज्यांना ही वादग्रस्त तारका स्वतः पाहावयाची असेल त्यांनीं मार्चअखेरीस रात्रीं दहाच्या सुमारास सप्तर्षींच्या शेपटीची वांकण तशीच पुढें न्यावी. प्रथम तांबूस स्वाती लागते, आणि तशीच आणखी पुढें गेलें कीं पांढरी चित्रा. गच्चीच्या किल्लीची व्यवस्था शिपायाकडे करून ठेविली आहे.